आजोबा फोनवर ओरडून का बोलायचे? काळ्या डायलच्या फोनबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचकांना गावाकडच्या घराच्या माळ्यावर आजोबांचा काळा, डायलचा फोन सापडला आहे. त्यांना विचारायचं आहे की आजोबा फोनवर एवढ्या मोठ्याने का बोलायचे, मध्येच रिसिव्हर तळहातावर का आपटायचे, ते हुक, म्हणजे रिसिव्हर ठेवला की दबणारी खटकी, टपटपवणं काय होतं, वीज गेली तरी फोन कसा चालायचा, आणि हा फोन आज परत वाजेल का.

मी डाक-तार खात्यात टेक्निशियन म्हणून लागलो आणि बीएसएनएलमधून निवृत्त झालो. खात्याची पाटी बदलत गेली, माझं काम तारेचंच राहिलं. त्यामुळे फोनची दोन्ही टोकं मी जवळून पाहिली आहेत, घरातलं आणि गावातल्या सगळ्या फोनच्या तारा जिथे एकत्र येतात त्या एक्स्चेंजमधलं. तुमच्या आजोबांच्या ज्या सवयी तुम्हाला आज गमतीच्या वाटतात, त्यांतली एकही उगाच लागलेली नव्हती. प्रत्येकीचं कारण त्या तारेत किंवा तारेच्या पलीकडच्या टोकाला सापडतं. म्हणून फोन घरात होता हे विसरून जरा एक्स्चेंजमध्ये या.

विजेपासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. फोनला घरातली वीज लागतच नव्हती. एक्स्चेंजच्या इमारतीत एक बॅटरी रूम असायची. दोन-दोन व्होल्टचे २४ सेल ओळीने जोडलेले, म्हणजे ४८ व्होल्ट. आत शिरलं की आम्लाचा उग्र वास नाकात बसायचा. रोज पायलट सेलच्या, म्हणजे नमुन्यादाखल निवडलेल्या सेलच्या, आम्लाची घनता हायड्रोमीटरने बघायची, रजिस्टरमध्ये लिहायची, पातळी उतरली असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. या कामाला लागलेल्या माणसाच्या पँटला हमखास बारीक भोकं पडलेली दिसायची. मंडळाची वीज फक्त या बॅटऱ्या भरायला लागायची. ती गेली तरी बॅटरी काही तास सहज काढायची, आणि त्याहून जास्त वेळ लागला तर डिझेल इंजिन सुरू करायचं. म्हणून गावात मिट्ट काळोख असताना तुमच्या आजोबांचा फोन चालू असायचा. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं आणि तारेवर ऋण, ही उलटी वाटणारी मांडणी मुद्दाम केलेली होती. ओल लागली तरी तांबं लवकर खात नाही, हा तिचा फायदा.

आता फोनमध्ये काय होतं ते बघा. एक्स्चेंजपासून तुमच्या घरापर्यंत दोन तारा. फोन खाली ठेवलेला असताना त्या दोन तारांमध्ये फक्त घंटा जोडलेली असते आणि तिच्या वाटेत एक कंडेन्सर असतो. बॅटरीची वीज एकदिश असते, ती कंडेन्सरमधून जात नाही. घंटेसाठी एक्स्चेंज वेगळी वीज सोडतं, सुमारे ७५ व्होल्टची उलटसुलट वाहणारी, ती मात्र जाते आणि लोलक दोन वाट्यांवर आपटत राहतो. तुम्ही रिसिव्हर उचलला की हुकखालचे संपर्क जुळतात, दोन तारांची वाट पुरी होते आणि थोडासा प्रवाह वाहू लागतो. तेवढ्याने एक्स्चेंजमधला रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, ओढला जातो आणि त्याला कळतं की अमुक घरातून कुणीतरी फोन उचलला आहे. पुढचं सगळं त्या एका रिलेच्या टकवर सुरू होतं. जाता जाता सांगतो, आमचे बरेच लाइनमन तारेचं वेष्टण दातांनी सोलायचे. नेमकं त्याच वेळी कुणी तो नंबर लावला तर ७५ व्होल्ट थेट जबड्यात. खांबावर चढलेल्या माणसाला तो झटका जिवावर बेतू शकायचा, म्हणून नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी पक्कड हातात द्यायचो.

ओरडण्याचं कारण तोंडाजवळच्या जाळीमागे आहे. तिथे एक गोल कॅप्सूल असते. पुढे पातळ पडदा आणि त्याच्या मागे कार्बनचे बारीक दाणे. तुम्ही बोललात की पडदा हलतो, दाणे दबतात आणि सुटतात, त्यांचा रोध कमीजास्त होतो, आणि एक्स्चेंजकडून आलेला प्रवाह त्या तालावर बदलतो. बस, हाच तुमचा आवाज. फोनमध्ये दुसरं कुठलंही आवाज वाढवणारं यंत्र नव्हतं. गावातल्या गावात हा आवाज खणखणीत जायचा. पण तालुक्यापासून जिल्ह्यापर्यंत खांबांवरून उघड्या तारा गेलेल्या असायच्या. पांढऱ्या चिनीमातीच्या चिमण्यांवर, म्हणजे इन्सुलेटरांवर, ताणलेल्या त्या तारा जुन्या प्रवाशांना आठवत असतील. त्यांचे सांधे गंजायचे, झाडाची फांदी टेकायची, पावसात चिमण्या ओल्या व्हायच्या, आणि प्रत्येक ठिकाणी आवाज थोडा थोडा गळायचा. मोठ्या मार्गांवर वाटेत आवाज वाढवणारे रिपीटर बसवलेले असायचे, लहान गावांच्या वाटेवर तेही नसायचे. पलीकडून आवाज बारीक आला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. समोरचाही तेच करतो. मग दोन्ही घरांतले शेजारी व्यवहार ऐकत बसतात.

खरं तर ओरडण्याचा फार उपयोग नसायचा. फार मोठ्या आवाजाने कार्बनमधून तो फाटून जातो. आम्ही लोकांना सांगायचो, आवाज साधा ठेवा आणि ओठ जाळीच्या जवळ आणा. ते ऐकणारे थोडे. पण रिसिव्हर तळहातावर आपटण्यात आजोबा शंभर टक्के बरोबर होते. कार्बनचे दाणे दमट हवेत आणि वर्षानुवर्षांच्या वापराने एकमेकांना चिकटून बसतात. आपटलं की ते सुटे होतात आणि आवाज पुन्हा भरतो. आमच्याकडेही तक्रार आली की पहिला उपाय तोच असायचा, नाहीतर कॅप्सूल बदलायची. कोकणात, विशेषतः समुद्राकाठच्या गावांत, या कॅप्सूल लवकर बसायच्या. मुंबईत आणखी एक प्रकार होता. ऑफिसांमधून महिन्याला माणूस येऊन फोन पुसायचा आणि जाळीवर सेंटची चकती लावून जायचा. हौस म्हणून ती पुढे घरांमध्येही आली. वास छान यायचा, पण चकतीने जाळीची भोकं झाकली जायची आणि ‘आवाज नीट येत नाही’ ही तक्रार आमच्याकडे यायची.

हुक टपटपवण्याची सवय डायलच्या आधीच्या काळातली आहे. तुमच्या आजोबांनी हा डायलचा फोन यायच्या आधी दुसरा फोन नक्की वापरला असणार. लहान गावांत मॅग्नेटो फोन असायचा. बाजूला दांडा, तो गरगर फिरवला की आतलं छोटं जनित्र एक्स्चेंजमधल्या बोर्डावरची त्या नंबरची झडप पाडायचं. त्या फोनला बोलण्यासाठी लागणारी वीज घरातल्याच कोरड्या सेलमधून मिळायची. त्याहून मोठ्या गावात दांड्याची गरज नसायची. रिसिव्हर उचलला की बोर्डावर दिवा लागायचा आणि ऑपरेटर म्हणायची, ‘नंबर प्लीज’. बोलताना तिला परत बोलवायचं असेल, चुकीच्या ठिकाणी जोडलं गेलं असेल, तर हुक सावकाश दाबायचं आणि सोडायचं. तिच्यासमोरचा दिवा उघडझाप करायचा आणि ती मध्ये यायची. या पद्धतीत हुक टपटपवणं म्हणजे माणसाला हाक मारणं होतं. पुढे स्वयंचलित एक्स्चेंज आलं, हाक ऐकणारी ऑपरेटर गेली, पण बोटांना सवय राहिली. नव्या एक्स्चेंजमध्ये मात्र हे टपटपवणं महागात पडायचं, ते पुढे सांगतो.

मॅन्युअल बोर्डाबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण त्या कामाची आता कुठे आठवणही निघत नाही. ऑपरेटरसमोर उभा बोर्ड, त्यात भोकांच्या ओळी, प्रत्येक भोक म्हणजे एक घर किंवा एक दुकान. पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या. एका दोरीचा प्लग मागणाऱ्याच्या भोकात, दुसरीचा ज्याला हवं त्याच्या, मग किल्ली दाबून घंटा. दिवाळीत आणि लग्नसराईत बोर्डावर दोऱ्यांचं एवढं जाळं व्हायचं की खालचे नंबर दिसायचे नाहीत, तरी हात बरोबर भोकात जायचा. लहान गावात तिला कुठला डॉक्टर कुठल्या वेळी दवाखान्यात असतो आणि कधी घरी असतो, हे पाठ असायचं. रात्री बाळंतपणाचा किंवा सर्पदंशाचा फोन आला तर ती नंबर विचारत बसायची नाही, डॉक्टर जिथे असतील तिथे लावून द्यायची. तिच्या पगारपत्रकावर या कामाचा कुठेच उल्लेख नसायचा.

बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल. स्वयंचलित एक्स्चेंजच्या गावात १८० फिरवून तो नोंदवायचा. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग अशा पायऱ्या होत्या, आणि अर्जंटला दुप्पट दर. एखाद्या माणसाशीच बोलायचं असेल तर पीपी कॉल, म्हणजे तो माणूस फोनवर आला तरच बोलणं जोडायचं, त्याचा जादा आकार. नोंदवल्यावर वाट बघायची. सांगलीच्या हळदीच्या पेठेतले अडते किंवा लासलगावचे कांद्याचे व्यापारी मुंबईचा भाव घ्यायला सकाळीच कॉल नोंदवायचे, आणि लाइन लागेपर्यंत बाजार निम्मा उरकलेला असायचा. घरच्या कॉलचं वेगळंच. दुपारी नोंदवलेला कॉल रात्री लागायचा, तोपर्यंत घरातलं कुणी लांब जायचं नाही, आणि ट्रंकची घंटा लांबलचक वाजली की सगळे धावायचे. ऑपरेटर किल्लीने स्वतः घंटा द्यायची, म्हणून ती इतकी लांब. मग बोलणं तीन मिनिटांचं. तीन मिनिटं झाली की ती मध्ये येऊन विचारायची, वाढवायचं का? घाबरत घाबरत जमवलेले प्रश्न, कागदावर लिहून काढलेले, आणि त्यातले निम्मे तसेच राहायचे. बोलणं थोडक्यात आटोपण्याची आजोबांची सवय तुम्ही लिहिली नाहीत, पण ती असणार, आणि तिचं मूळ इथे आहे. मुलगी सासरी खुशाल आहे हे कळलं की पुरे, बाकीचं पत्रात.

आता डायल. तुमच्या फोनची डायल अंगठ्याने शेवटपर्यंत फिरवा आणि सोडा. ती परत येताना जो एकसारखा किर्र आवाज होतो, तो नीट ऐका. बोट घालून फिरवताना फोन काहीही पाठवत नाही. डायल परतताना तारेची वाट तोडते आणि जोडते, सेकंदाला १० वेळा. ३ साठी तीन तोडी, ९ साठी नऊ, शून्यासाठी दहा. वेग एकसारखा राहावा म्हणून आत एक गव्हर्नर असतो. फिरणाऱ्या दांडीला दोन लहान वजनं, वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि वाटीला घासून वेग आवरतात. तेलाचा एक थेंब जास्त पडला तरी डायल सुसाट धावायची, धूळ बसली तर रेंगाळायची, आणि दोन्हींत राँग नंबर लागायचा. म्हणून दुरुस्तीला गेलं की एक्स्चेंजमधल्या टेस्ट डेस्कला, म्हणजे लाइन तपासणाऱ्यांना, सांगून शून्य फिरवायचं, तिकडून वेग मोजून सांगायचे, मग स्क्रू सोडायचा. एसटीडीचा, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी लावायचा, दहा आकडी नंबर फिरवायला पंधरा-वीस सेकंद सहज जायची, आणि नववा आकडा चुकला तर पहिल्यापासून. शून्य आणि नऊ जास्त असलेला नंबर लोकांना नकोसा वाटायचा, याचं कारण बोटाला कळायचं.

या तोडजोडीचा अर्थ लावणारं यंत्र म्हणजे स्ट्रोजर. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रोजर यांनी १८९१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ते अंत्यसंस्काराचा व्यवसाय करायचे. त्यांचं यंत्र आपल्याकडे अनेक दशकं चाललं. एक उभा सिलेक्टर, त्याच्या बाजूला दहा मजले आणि प्रत्येक मजल्यावर दहा संपर्क. तुम्ही ४ फिरवलात की सिलेक्टर चार पायऱ्या वर चढायचा, मग त्या मजल्यावर आडवा फिरून रिकामी वाट शोधायचा. पुढचा आकडा पुढचा सिलेक्टर घ्यायचा. शेवटचे दोन आकडे शेवटच्या सिलेक्टरवर, एक चढण्यासाठी आणि एक फिरण्यासाठी. सकाळी साडेदहाला स्विच रूममध्ये उभं राहिलं तर शेकडो सिलेक्टर एकाच वेळी चढत-उतरत असायचे. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा तो आवाज, आणि जाणकार टेक्निशियन त्या आवाजातून कुठल्या रॅकवर काय अडकलं आहे ते ओळखायचा.

यावरून टोनची, म्हणजे नंबर फिरवण्याआधी कानात येणाऱ्या आवाजाची, वाट बघणंही कळेल. रिसिव्हर उचलल्यावर लगेच टोन आला नाही म्हणजे फोन बिघडला असं नसायचं. सगळे सिलेक्टर गुंतलेले असायचे, एखादा मोकळा झाला की तुमची पाळी. अशा वेळी जुन्या सवयीने हुक टपटपवलं की तुमची पाळी जायची, किंवा यंत्र त्या टपटपीला आकडा समजून भलतीकडेच न्यायचं. रिसिव्हर कानाला लावून शांत बसणाऱ्याला टोन आधी मिळायचा. हीच गोष्ट उलटी वापरता यायची. बिल वाढू नये म्हणून लोक डायलच्या पहिल्या भोकात छोटं कुलूप लावायचे, मग डायल एकच्या पुढे फिरत नसे. घरातल्या हुशार पोरांना लवकरच कळायचं की हुक एका लयीत दाबून नंबर लावता येतो. सहासाठी सहा टपटप, शून्यासाठी दहा. यंत्राला हुक आणि डायल यांत फरक दिसत नाही, दोन्हीकडून तारच तुटते.

स्ट्रोजरची एक खोड आज कुणाला सांगितली तर पटत नाही. लागलेला कॉल तोडण्याचा हक्क फोन करणाऱ्याकडे असायचा. ज्याला फोन आला त्याने रिसिव्हर खाली ठेवला तरी वाट तशीच राहायची. त्याचा फायदा असा की दिवाणखान्यात फोन घ्यायचा, ठेवायचा, आतल्या खोलीतल्या जोडफोनवर जाऊन निवांत बोलायचं. तोटा असा की करणाऱ्याने फोन नीट ठेवला नाही, तर तुमचा फोन त्याच्याशी बांधलेलाच. त्रास देणारे लोक याचा दुरुपयोग करायचे. पण याच खोडीमुळे त्यांना पकडताही यायचं. निनावी फोनची तक्रार असेल तर पोलिसांच्या पत्रावर आम्ही शेवटच्या सिलेक्टरपासून सुरुवात करून रॅकमागून रॅक, सिलेक्टरमागून सिलेक्टर उलटे चालत जायचो, थेट ज्या नंबरवरून कॉल आला तिथपर्यंत. तोपर्यंत वाट धरून ठेवणं एवढंच काम. हे काम मी केलं आहे, आणि घाबरलेल्या एखाद्या घराची त्यातून सुटका झाली की नोकरीचं सार्थक वाटायचं.

पावसाळ्याचा विषय आल्याशिवाय जुन्या फोनची आठवण पुरी होत नाही. जमिनीखालच्या केबल शिशाच्या आवरणाच्या आणि आत प्रत्येक तारेभोवती कागद. कागद कोरडा असेपर्यंत उत्तम काम द्यायचा. रस्ता खोदताना कुदळीचा टोला बसून शिशाला बारीक चीर गेली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी आत शिरायचं, आणि ओला कागद शेजारच्या तारांना एकमेकींचं बोलणं ऐकवू लागायचा. तुम्ही भावाशी बोलताय आणि मध्येच कुणीतरी किराण्याची यादी सांगतंय, ते क्रॉस कनेक्शन म्हणजे बहुधा हीच ओल. आणखी पाणी शिरलं की घरघर, मग फोन डेड. १९८ वर तक्रार नोंदवायची, तिथे नंबर मिळायचा. टेस्ट डेस्क आधी लाइन तपासायचं. तार तुटली असेल तर आमच्या भाषेत डिस, दोन्ही तारा चिकटल्या तर लूप, एक जमिनीला लागली तर अर्थ. डिस असेल तर लाइनमन डीपीवर, म्हणजे तारा वाटणाऱ्या पेटीच्या खांबावर, चढून तासाभरात काम उरकायचा. केबलच ओली असेल तर खड्डा खणायचा, सांधा उघडायचा, ओला भाग कापायचा, शेकडो जोड्या एकेक करून रंगाप्रमाणे जुळवायच्या, शिशाची बाही परत डाग देऊन बंद करायची. खड्ड्यात गुडघाभर पाणी, वर ताडपत्री, आणि जॉइंटर दोन-दोन दिवस तिथेच. लोक वैतागायचे ते रास्तच होतं, आठवडा-आठवडा फोन बंद असायचा. पण त्या खड्ड्यात बसलेला माणूस निवांत नव्हता, एवढं मला सांगायला हवं. पुढे आत जेली भरलेल्या प्लास्टिक वेष्टणाच्या केबल आल्या आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. तांब्याच्या तारांची चोरी मात्र शेवटपर्यंत थांबली नाही.

घरात फोन येणं हाच सण होता, हे तुम्ही ऐकलं असेल. अर्ज करून वर्षानुवर्षं थांबायचं. ओवायटी (ओन युवर टेलिफोन) योजनेत आगाऊ मोठी रक्कम भरली तर पाळी लवकर यायची, डॉक्टरांसारख्यांना वेगळी यादी होती, बाकीच्यांची सर्वसाधारण. फोनचं यंत्रही खात्याच्या मालकीचं, बंगळूरच्या आयटीआयमध्ये बनलेलं. लाइनमन खांबावरून ड्रॉप वायर आणून भिंतीवर रोझेट, म्हणजे तारा जोडायची छोटी डबी, बसवायचा, एक्स्चेंजला सांगून घंटा वाजवून घ्यायचा, आणि घरातली बाई त्या फोनला हळद-कुंकू लावायची. मी स्वतः अशा किती घरांत पेढा खाल्ला असेल. फोनला भरतकामाचा रुमाल, शेजारी दोरीने बांधलेली पेन्सिल आणि नंबरांची वही. आणि तो फोन कधीच एका घराचा राहायचा नाही. चाळीत, वाड्यात एक फोन म्हणजे दहा बिऱ्हाडांचा फोन. लोक आपल्या व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर पीपी लिहून छापायचे. ‘काकू, तुमच्या भावाचा फोन आहे, दहा मिनिटांनी परत करणार आहेत’ असा निरोप घेऊन पोरं जिना चढायची. वाईट बातमीही त्याच फोनवर यायची, आणि ती आधी शेजाऱ्यांना कळायची. ती कशी सांगायची हे फोन असलेल्या घराला शिकावं लागायचं. या गोष्टीचं श्रेय त्या घरांना कधी कुणी दिलं नाही.

एसटीडीने ट्रंकचा जाच संपवला. देशात पहिली एसटीडी १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्यात सुरू झाली, आपल्या लहान गावांपर्यंत यायला मात्र फार काळ गेला. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली, त्यांनी धूळ आणि उष्णता सोसणारी, वातानुकूलन न लागणारी छोटी ग्रामीण एक्स्चेंजं बनवली, आणि नव्वदच्या दशकात खेडोपाडी पिवळ्या पाट्यांचे बूथ दिसू लागले. रात्री उशिरा दर उतरायचे, म्हणून जेवणं झाल्यावर बूथबाहेर रांग. पण तोवर बटणांचे फोन आले होते, तो तुमच्या प्रश्नाच्या बाहेरचा काळ आहे.

आता तुमचा फोन. घरात अजून तांब्याची लँडलाइन चालू असेल तर नुसता जोडून बघा, वाजण्याची आणि डायल चालण्याचीही बरीच शक्यता आहे. बऱ्याच ठिकाणी मात्र आता फायबर आलं आहे. फायबरच्या मोडेमला फोनसाठी खाच असते, तिथे हा फोन लावला तर आलेला कॉल घेता येईल आणि बोलता येईल. घंटा कदाचित मंद वाजेल, कारण त्या मोडेमला या जाड घंटेइतका जोर लावता येत नाही. डायलने नंबर बहुधा लागणार नाही. बहुतेक मोडेमना बटणांच्या फोनचे दुहेरी स्वर कळतात, तारेच्या तोडी कळत नाहीत. डायलच्या तोडी मोजून त्यांचे स्वर करणारं छोटं उपकरण मिळतं, ते मध्ये बसवलं की फिरवून नंबर लागतो. आणि हे लक्षात ठेवा की आता वीज घरच्या मोडेमला लागते. ती गेली की फोन बंद, इन्व्हर्टरवर घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

जोडण्याआधी बुडाचे स्क्रू काढून पत्रा उघडा. आत कोळ्याची जाळी, झुरळांची घाण हमखास असेल, मऊ ब्रशने काढा, पाणी लावू नका. रिसिव्हरची विणलेली कापडी दोरी टोकाशी झिजली असेल तर आतल्या तारा एकमेकींना लागतात, ती आधी बदला. हुक वरखाली करून बघा, संपर्क काळे पडले असतील तर साधा कोरा कागद मध्ये धरून दोनदा ओढा, पॉलिश पेपर अजिबात नको, त्याने वरचा चांगला मुलामा निघून जातो. डायलला तेल घालण्याचा मोह टाळा. ती रेंगाळत असेल तर रोज थोडा वेळ नुसती फिरवा, पुष्कळदा एवढ्याने मोकळी होते. बेकेलाइटवर, म्हणजे फोनच्या काळ्या कडक प्लास्टिकवर, चकाकी आणायला रेषा न पाडणारं मेण पुरे. बेकेलाइट पडलं की तडा जातो, म्हणून टेबलाच्या कडेला ठेवू नका. आवाज बारीक असेल तर आजोबांचा उपाय करा, रिसिव्हर तळहातावर दोनदा हलकेच आपटा. तरी सुधारला नाही तर कॅप्सूल बदलावी लागेल. त्या मापाच्या नव्या कॅप्सूल मिळतात, फक्त जुनी फेकू नका, फोनच्याच पोटात रिकाम्या जागेत कागदात गुंडाळून ठेवा.